जांभईची आत्मटीका

पक्षाला पश्चात्ताप नको होता, लिहून भरलेली पानं हवी होती. तीही एका जांभईबद्दल.

पक्षाच्या वरिष्ठांकडून आलेलं भाषण वर्गात ऐकवलं जात होतं, तेव्हा संगणकाचे मास्तर छू वनबिन यांनी जांभई दिली. तेव्हापासून दर सोमवारी त्यांनी स्वहस्ते आत्मटीका लिहायची आणि शाळेच्या पक्षसचिवांच्या, मियाओंच्या, टेबलावर ठेवायची असं ठरलं. ती दर वेळी परत यायची.

"वरवरची आहे. आणखी खोल जा."

खोल जाता आलं नाही तर अभ्यासवर्गाला पाठवणार. शेजारचे भूगोलाचे मास्तर गेले होते. त्यांच्या घरात आता दुसरंच कुटुंब राहत होतं.

शेवटी छूंनी प्रोग्राम लिहिला. कर्ता, कर्म, क्रियापद, वरून थोडी लाज. बटण दाबलं की वाक्यं सुरू, थांबायचं नाव नाही. 'माझी जांभई लहान होती, पण तिची मुळं माझ्या आळशी विचारांत होती.' 'आळशी विचारांनी माझं तोंड उघडलं आणि माझे कान बंद केले.' व्याकरणात कुठे बोट ठेवायला जागा नाही. छू ती शाईने उतरवून काढायचे.

"घरात तरी एखादी जांभई द्या," बायको रुइफांग म्हणायची. "इथे माफ आहे."

मियाओ खूश झाले. पण माणूस एकटा बिघडत नाही, त्याला कुणी बिघडवलं तेही लिहावं लागतं, असा तिथला रिवाज.

"नावं कुठायत, छू मास्तर?"

खऱ्या माणसाचं नाव लिहायला छूंचा हात धजेना. त्यांनी प्रोग्रामला आडनावं वेगळी दिली, नावं वेगळी दिली आणि जोड्या लावायला सांगितल्या. तान बाओहे. मंग छ्यूशंग. लियन दहुआ.

रुइफांग भाताचा वाडगा घेऊन मागे उभी होती. "हे कोण?"

"कुणीच नाहीत."

"आणि शोधायला निघाले तर?"

"नसलेल्या माणसाला धरणार कसे?"

"त्यांचं नाही विचारलं मी. तुमचं विचारतेय."

पुढच्याच आठवड्यात बोलावणं आलं. रुइफांगने पिशवीत लोकरीचा बनियन आणि दात घासायचा ब्रश भरून दिला.

मियाओंनी दार लावलं, स्वतः चहा ओतला. छूंनी ओळखलं. सापडलं सगळं. पक्षाला खोटी नावं देणं म्हणजे फसवणूक, त्यापुढे जांभई काहीच नाही. आपणच आधी बोलून मोकळं व्हावं.

"सचिवसाहेब, ती तीन माणसं..."

"सापडली," मियाओ म्हणाले. "चहा घ्या. तिघांनीही सगळं कबूल केलं. तुमच्याहून खोल गेले, मास्तर."

छूंनी उचललेला पेला परत खाली ठेवला.

मियाओंनी पेनाचं टोपण काढलं. "एवढंच राहिलंय. तिघंही म्हणतात, तुमच्या घरच्या गुप्त बैठकांना चहा रुइफांगबाई करायच्या. खरं की खोटं? बोला."