जनरेटरचा हात

अर्धांगवायूच्या झटक्यानंतर आजोबांचा उजवा हात मांडीवर नुसता पडून असायचा. व्यायाम शिकवणारी बाई रोज विनवायची, "सर, निदान बोटं तरी हलवून बघा." आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलेले आजोबा म्हणायचे, "हा विद्यार्थी नापास झालाय, बाई. सोडा त्याचा नाद."

आज नात पुस्तक घेऊन शेजारी बसली. "आजोबा, जनरेटरचा नियम पाठ झाला. अंगठा म्हणजे तारेची हालचाल, तर्जनी म्हणजे चुंबकीय क्षेत्र, मधलं बोट म्हणजे वीज." तिने डाव्या हाताची तिन्ही बोटं एकमेकांना काटकोनात धरली. "म्हणजे वीज चालली खिडकीकडे!"

आजोबांना राहवेना. "अगं वेडाबाई, डावा हात मोटारीचा! जनरेटरला उजवा! वीज दाराकडे जाणार. हे बघ, अशी!"

मांडीवरचा हात थरथरत थोडा उचलला गेला. अंगठा वर झाला, तर्जनी पुढे आली आणि मधलं बोट हळूहळू दाराकडे वळलं. आजोबा त्या बोटाकडे बघतच राहिले.

मागे उभी राहून हे बघणारी आजी नातीच्या कानाशी वाकली. "उद्याही असंच काहीतरी चुकशील का गं?"