कोपऱ्यातली जागा

शाळा सुटल्यावर मुलांना सरकारी खर्चाने जेवू घालणाऱ्या त्या हॉलमध्ये एक जुना दंडक होता. आपण फक्त वाढायचं, कुणाच्या घरच्या भांडणात पडायचं नाही. पंचवीस वर्षं वाढपाला असलेल्या आजींनी तो कधी मोडला नव्हता. हाताला माया, तोंडाला कुलूप.

आज दार लाथेने उघडलं. कोपऱ्यात दाराकडे तोंड करून जेवणाऱ्या चिमणीला तिच्या बापाने वेणीला धरून उचललं. "फुकटचं गिळतेस? बाप उपाशी ठेवतो म्हणून गावभर दाखवतेस?" त्याने तिचं तोंड टेबलावर आपटलं. ओठ फुटला, भात लाल झाला. पोरं ताटल्यांसकट बाकांखाली शिरली.

"आजी, तुम्ही मध्ये पडू नका!" व्यवस्थापक बाई ओरडल्या.

आजींनी लोखंडी डाव उचलला. पहिला घाव मनगटावर बसला. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. दुसरा गुडघ्यावर. तो कोसळला तरी त्या मारतच राहिल्या, चौघांनी धरेपर्यंत.

पोलीस आले. "आजी, ओळखता का याला?"

"ओळखते ना, साहेब. लहानपणी याच कोपऱ्यात बसायचा, असाच दाराकडे तोंड करून. याचा बाप याला असाच फरफटत न्यायचा."

आजींनी डाव एप्रनला पुसला.



"आणि मी पुढच्या ताटलीत वाढत राहायचे."