पुन्हा जन्मलेला आवाज

तलवारींचा खणखणाट. कोमट पाण्याचा पेला. काचेपलीकडून डबिंग दिग्दर्शक म्हणाला, "दादा, पुन्हा एकदा मरा. ओठ जुळले नाहीत."

ॲनिमे, म्हणजे जपानी कार्टून मालिकेतल्या प्राचीन योद्ध्याला मराठीत बाबांचा आवाज होता. स्टुडिओतून ते घरी आले की लेक दारातच विचारायची, "बाबा, आज कितीदा मेलास?"

"तीनदा गं. तिसऱ्यांदा जरा बरा मेलो."

पहिलं पर्व योद्ध्याच्या मरणावर संपलं. नव्या पर्वात तो पुन्हा जन्मणार हे कळल्यापासून लेक एकच धरून बसली होती.

"आई, दुसऱ्या कुणाचा आवाज लावला असेल ना, तर मी टीव्हीच बंद करीन."

आज योद्ध्याने डोळे उघडले. "घाबरू नकोस, मी परत आलोय."

बाबांचाच आवाज! लेक रडत रडत शेजारी बसलेल्या बाबांना बिलगली आणि भान विसरून म्हणाली, "बाबा, अजून एकदा म्हण ना!"

बाबांनी तिला थोपटलं. मग रिमोट उचलून त्यांनी तेच वाक्य पुन्हा लावलं.



आवाज कायमचा नेणाऱ्या घशाच्या ऑपरेशनआधी, घरी कुणालाही न सांगता, बाबांनी नव्या पर्वाचे सगळे संवाद रेकॉर्ड करून ठेवले होते.