घुंगुरमाळ

बेल्ह्याच्या बैलबाजारात शूट केलेलं आपलं गाणं इंद्रायणी ओसरीवर बसून एडिट करत होती. कॉलेजची पोरं झक्कास नाचलेली, पण प्रत्येक टेकमध्ये मागं तिचे आप्पा बैलाच्या गळ्याशी बिलगून उभे! बाजूला थांबा म्हणून दहादा सांगितलेलं. वैतागून त्यांना फ्रेमबाहेर काढायला तिनं चित्र मोठं केलं अन् बोट थबकलं. आप्पांनी बैलाची घुंगुरमाळ दोन्ही मुठींत गच्च आवळली होती. ती गोठ्यात गेली. "आप्पा, माळ का धरली व्हती?" "आगं, तुझं गाणं चाललेलं. मधीच घुंगरं वाजली असती म्हंजी?" गाणं महिन्यापूर्वीच स्टुडिओत रेकॉर्ड झालं होतं, बाजारातला आवाज कुणी घेतलाच नव्हता. ते सांगायचं राहिलेलं, आताही तिनं सांगितलं नाही. खुंटीवरची माळ तिनं आप्पांच्या हाती दिली, मोबाईल पुढं धरला. "वाजवा आता. गाणं हिच्यापासनं सुरू करायचंय."