डाव्या बुटाचं टोक

विरूपाक्ष अप्पांनी दोन्ही जुने बूट काउंटरवर उलटे ठेवले. बराच वेळ ते तळवेच बघत राहिले.

"कवा घेतलेत हे?"

"तीन महिनेपण झाले नाहीत," उज्वला म्हणाली. "आठ महिन्यांतला तिसरा जोड आहे हा. सगळे तसलेच निघाले. टोक अडकतं, ठेच लागते. परवा देगलूर रोडवर चांगली आपटले मी."

उजव्या बुटाचा तळ सगळीकडून सारखा झिजला होता. डाव्याची टाच जवळपास नवी होती, आणि पुढचं टोक पार खरवडून निघालं होतं.

उज्वला उदगीरच्या एका शाळेत गणित शिकवायची. अडतिसाव्या वर्षी ती पळायला लागली, तेव्हा गल्लीतल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या होत्या. तीन वर्षांत हसणं थांबलं. सासूचं पथ्य, डबे, तपासायच्या वह्या यांतून पहाटेचा तो एकच तास तिचा स्वतःचा होता. जानेवारीत लातूरला दहा किलोमीटरची शर्यत होती. तिनं नाव दिलं होतं. आता फक्त धड बूट हवे होते, आणि पायाची जाण असलेला माणूस म्हणून कोणीतरी अप्पांचं दुकान सांगितलं होतं.

अप्पांनी फरशीवर कागद पसरला. तिला दोन्ही पायांवर उभं केलं आणि वाकून पेन्सिलीनं पावलांची कड काढली.

"संध्याकाळी आलात ते बरं केलं, ताई. दिवसभरात पाय फुगतो. सकाळी बसलेला बूट संध्याकाळी चावतो."

पहिला जोड बोटांशी आवळत होता. दुसऱ्यात टाच वर सरकत होती. अप्पा माळ्यावर चढून तिसरा खोका घेऊन आले. पुढून रुंद, टाचेला घट्ट. त्यांनी तिच्या अंगठ्यापुढे स्वतःचा अंगठा दाबून जागा बघितली, बूट हातात वाकवून दाखवला. उज्वलानं नाड्या बांधल्या, दोन पावलं टाकली आणि तिचा चेहराच उजळला. आठ महिने शोधत होती ते हेच.

"जरा पळून दाखवा. त्या कोपऱ्यापर्यंत."

ती गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत पळून आली. अप्पा दुकानाच्या पायरीवर डोळे मिटून उभे होते. ते बघत नव्हते, ऐकत होते. उजवं पाऊल हलकं पडत होतं. डावं थप्प करून आपटत होतं.

ती परत आली. अप्पांनी बूट काढायला लावले, खोक्यात घातले आणि झाकण बंद केलं.

"ह्यो जोड मी तुम्हाला देणार न्हाई."

"म्हंजे?"

"बुटात काई खोट न्हाई, ताई. खोट पायात हाय. लातूरला नसांच्या डॉक्टरला दाखवा. उद्याच जावा."

दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती. ती वळून बघायला लागली. उज्वलाची कानशिलं तापली. "बूट विकायला बसलात का डॉक्टरकी करायला?" असं म्हणून तिनं जुने बूट पिशवीत कोंबले आणि निघून आली.

चार दिवस तिनं तो राग सांभाळला. पाचव्या दिवशी आठवीच्या वर्गात, फळ्यावर समीकरण लिहिताना, तिला काय वाटलं कोण जाणे. टाच जमिनीवर ठेवून तिनं उजव्या पायाचा चवडा उचलून बघितला. उचलला गेला. मग डाव्याचा. चवडा जागचा हलला नाही. तिनं पुन्हा प्रयत्न केला. खडू हातात तसाच राहिला. मुलं वाट बघत होती, आणि ती साडीच्या काठाखालच्या आपल्याच पायाकडे परक्यासारखी बघत होती.

दुसऱ्या दिवशी ती लातूरला गेली. मणक्यात गाठ निघाली. दुखत नव्हती, म्हणून कळली नव्हती. पायाची नस तिच्याखाली दबत चालली होती. ऑपरेशन झालं. "अजून दोन-तीन महिने काढले असते तर दोन्ही पाय गेले असते," डॉक्टर म्हणाले. "आता चालाल तुम्ही. पळणं मात्र सोडा."

शर्यत झाली त्या रविवारी ती दवाखान्यात कठडा धरून पाऊल टाकायला शिकत होती.

मार्च उजाडला तेव्हा ती अप्पांच्या दुकानाची पायरी चढली. हातात काठी होती. पाऊल खाली लोंबू नये म्हणून डाव्या पायाला प्लास्टिकची पट्टी बांधलेली. अप्पा लगबगीनं उठले, स्टूल पुढे सरकवलं.

"पट्टीसकट पाय मावेल असा बूट द्या, अप्पा. चालायचा."

अप्पा बुटामागून बूट काढत राहिले. एक बसला. नाड्या बांधायला ते स्वतः खाली वाकले, तेव्हा उज्वलाला राहवलं नाही.

"त्या दिवशी मी नको ते बोलले. मणक्यात गाठ निघाली. तुमच्यामुळं चालतेय मी. पण तुम्हाला कळलं कसं? माझं मलाच कळलं नव्हतं."

अप्पांचे हात नाडीवरच थांबले. त्यांनी मान वर केली नाही.

"माझी बायको, गौरम्मा. चार वर्सं खाटेवर काढून गेल्या साली वारली ती. तिला बी हीच गाठ. तिच्या डाव्या चपलेचं टोक झिजायचं. ती म्हणायची, 'चप्पल खराब निघाली हो.' मी लगेच नवी काढून द्यायचो."

त्यांनी गाठ मारली, उगीच एकदा घट्ट ओढून बघितली.

"वरीसभर देत राहिलो, ताई. दुकान घरचंच होतं ना."