पळत सुटलेली दासी

परतीच्या वाटेवर बसमध्ये माइक फिरू लागला, तशा मगदूमकाकू विचारात पडल्या. प्रत्येकानं सहलीत आवडलेली एक गोष्ट सांगायची होती. काकूंचे गुडघे धरलेले. चार दिवस त्यांनी नुसते गाडीतळ पाहिले होते, सोबतीला ड्रायव्हर दस्तगीर.

"एकोणीस वर्षं माणसं आणतोय, काकू," सकाळी वेरूळला तो म्हणाला होता, "पण गाडी सोडून आत कधी गेलो नाही."

"मग आज जा. गाडी मी राखते. नीट बघून ये आणि मला सगळं सांग."

तासाभरानं तो आला तो बोलतच.

माइक हातात आल्यावर काकूंनी घसा साफ केला. "कैलास लेण्यात रावण खालून डोंगर हलवतोय. पार्वतीनं घाबरून शंकराचा दंड धरलाय. आणि तिची दासी? ती बिचारी पाठ फिरवून पळत सुटलीय!"

सगळी बस हसली. "ही दासी कुठं होती? आम्हाला दिसलीच नाही!"

"मला तरी कुठं दिसली? मी गाडीत बसले होते. बघून आला तो हा दस्तगीर."

प्रवाशांनी आजवर त्याला पुढचा चहा कधी, एवढंच विचारलं होतं. आता प्रश्नांवर प्रश्न येऊ लागले. त्यानं ढाब्यापाशी गाडी थांबवली, तरी कोणी उतरेना. मग तोच मागे वळून, हातवारे करत सांगू लागला. काकूही पुन्हा पहिल्यापासून ऐकायला पुढे सरकल्या.