टाचेजवळचा ठिपका

"मॅडम, पुन्हा दोन्ही पाय उजळलेत," चित्रं वाचणारा डॉक्टर म्हणाला.

तिने चहाचा कप तसाच खाली ठेवला. एक पाय रोग्याचा होता, एक निरोगी माणसाचा. कोणता कोणाचा हे डॉक्टरला आधी सांगायचं नाही, अशी इथली रीत. नाहीतर डोळ्यांना हवं तेच दिसतं.

औषध तिचं होतं. शिरेतून दिलं की ते कातडीच्या कर्करोगाला जाऊन चिकटायचं आणि एमआरआयच्या चित्रात तेवढीच जागा पांढरी दिसायची. निरोगी पायावर मात्र काहीही दिसता कामा नये. यासाठी तिने उमेदीची वर्षं घातली होती. या वेळी जमलं नाही तर प्रयोगशाळेला टाळं, असं साहेबांनी बजावलं होतं.

"यातला निरोगी कोणता?" डॉक्टरने विचारलं.

"दुसरा."

"अरेरे!"

ती पडद्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे औषध फसलं."

"पण मागच्या वेळीही निरोगी पायावर तिथेच दिसलं होतं. टाचेजवळ, एवढासा ठिपका. औषध खोटं असतं तर पाय कुठेही पांढरा झाला असता."

"नाचता येईना अंगण वाकडं, असं नको व्हायला. फसलं म्हणजे फसलं."

"एकेका ठिपक्यासाठी आमचा जीव खाल्लात आजवर. आणि आज तुम्हीच हात वर करता?"

"दमले रे मी."

ते खरंच होतं. तिचे खांदे भरून आले होते आणि डोळे चुरचुरत होते. डॉक्टरने चित्रं बंद केली. दमलेल्या माणसाशी काय वाद घालणार?

साहेबांना भेटायला ती गेली तेव्हा ते घरी निघाले होते. बातमी ऐकून ते पुन्हा खुर्चीत बसले आणि चक्क विरघळले.

"आणखी मुदत देतो. हातातोंडाशी आलेला घास असा सोडू नका."

"नको, साहेब. औषधात दम नाही. मीच सांगतेय ना?"

आयुष्यभर मुदतीसाठी भांडलेली बाई मुदत नाकारत होती. जिना उतरताना ती कठडा घट्ट धरून स्वतःशीच पुटपुटत होती, "फसलं, फसलंच आहे."

घरी नवरा पाय टेबलावर टाकून पेपर वाचत होता. तिला बघताच त्याने पेपर बाजूला ठेवला.

"जमलं का गं?"

"नाही. फसलं."

"नक्की?"

"नक्की," ती जरा जोरातच म्हणाली.

त्याने तिच्या हातातली पिशवी घेतली आणि भाजी गरम करायला ठेवली. "जाऊ दे. शिर सलामत तर पगडी पचास. चेहरा बघ कसा उतरलाय. आधी दोन घास खा."

पहिल्याच घासाला तिला रडू फुटलं. एवढ्या वर्षांत औषधापायी ती कधी रडली नव्हती. तो बावरला आणि खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसला.

"अगं, वेडी की काय? पुन्हा नव्याने सुरू कर," तो तिची पाठ थोपटत म्हणाला. "आणि निरोगी माणूस कुठून आणायचा याची चिंता नको. या दोन्ही वेळांसारखा मीच येऊन झोपेन त्या यंत्रात."